मोबाइलचा उंबरठा

संक्रांतीचे दिवस. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, होम मैदानावर मुंगी शिरायला जागा नाही. त्या गर्दीतून एक माणूस स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलत, हातवारे करत चालला होता. लोकांनी त्याला वाट करून दिली. एका आजींनी पिशवीतली शेंगापोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली आणि पुढं निघून गेला. घडलं ते एवढंच.

संध्याकाळी शाळासोबत्यांच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. त्यात आजी नव्हत्या, पोळी नव्हती, नुसते हातवारे. मग सुरू झालं. "कुठलं येडं हे?" "येरवड्याची गाडी चुकली वाटतं!" खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यातला एक माझा.

रात्री एक मित्र ग्रुपमधून बाहेर पडला. का, ते कुणी विचारलं नाही. पुढं कधीतरी चहा पिताना तोच बोलला. त्याचा धाकटा भाऊ तीन महिने येरवड्याला होता. आता घरी आहे, गोळ्या वेळेवर घेतो, चादरीच्या कारखान्यात कामाला जातो. "तू तरी हसायला नको होतंस," एवढंच तो म्हणाला.

ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर, रत्नागिरी. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं या चार ठिकाणी आहेत आणि त्यांची नावं आपण थट्टेला लावली आहेत. मुंबईत 'ठाण्याला पाठवा', आपल्याकडं 'येरवड्याला'. ज्या दारातून कुणाचा तरी भाऊ बरा होऊन परत येतो, त्या दाराचीच आपण शिवी केली. हृदयाच्या दवाखान्याचं नाव घेऊन कधी कुणी असं हसलंय?

माणसं वाईट असतात, असं मला वाटत नाही. मैदानावर वाट देणारी आणि ग्रुपवर हसणारी माणसं एकाच गावची. फरक उंबरठ्याचा आहे. कुणाच्या घरी गेलो की आपण उंबरठ्याशी चप्पल काढतो, आवाज खाली आणतो, आत कुणी आजारी आहे का पाहतो. मोबाइलला उंबरठा नाही. आपण थेट आत शिरतो, तेही चपलेसकट.

कायद्यानं मात्र हा उंबरठा आखला आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे 2018 पासून लागू आहे. उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, असं तो सांगतो. रुग्णाच्या खासगीपणाचा हक्क डिजिटल माहितीलाही लागू आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण घराघरातल्या ग्रुपवर पोलीस बसवता येत नाही. तिथं रीतच हवी.

रीत तशी साधी आहे. अनोळखी माणसाची अवस्था चित्रित करू नये. आलेलं चित्रीकरण आपल्यापाशी थांबवावं. कुणी 'डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत' असं धीर करून लिहिलं, तर 'पॉझिटिव्ह विचार कर' असा सल्ला फेकू नये. 'गोळ्यांची सवय लागते, सोडून दे' हे तर कधीच लिहू नये. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात, त्या त्यांच्याच सांगण्यावरून कमी व्हाव्यात. चौकशी करायची ती चारचौघांत नाही, वेगळा फोन लावून. 'जेवलास का?' यापासून सुरुवात केली तरी पुरते. आणि रात्री-अपरात्री कुणी 'आता जगावंसं वाटत नाही' असं लिहिलं, तर ते नाटक आहे की खरं, याचा निवाडा करत बसू नये. लगेच फोन करावा, जवळ राहणाऱ्या कुणाला तरी त्याच्या घरी पाठवावं.

त्या व्हिडिओखालचा माझा हसरा चेहरा मी नंतर पुसून टाकला. ज्यानं पाहायला नको होता, त्यानं तो आधीच पाहिला होता.

फॉरवर्ड करायला हात शिवशिवतच असतील, तर एक नंबर खुशाल सगळ्या ग्रुपवर पाठवा: 14416. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारची 'टेलिमानस' सेवा. चोवीस तास, मोफत आणि मराठीतसुद्धा.