आधाराचा हात

करुणा हा सद्गुण आहे याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो तिच्या मर्यादेचा. अंध, स्वमग्न वा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला जिम्नॅस्टिक्स शिकवताना तो अगदी रोखठोक रूप घेतो : मूल पडू नये म्हणून पाठीशी धरलेला हात केव्हा काढून घ्यावा?

‘सर्वांना समान वागणूक’ हे उत्तर येथे अपुरे पडते. मल्लखांब हे जिम्नॅस्टिक्सचे आपल्याकडील सख्खे भावंड. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे (पद्मश्री, २०२४) यांनी अंध मुलांनाही तो शिकवला. अशा मुलाला पकड उमगते ती स्पर्शातून. उलट, काही स्वमग्न मुलांना अनपेक्षित स्पर्शच असह्य होतो. त्यांना कृतींचा क्रम चित्रांतून आधी दाखवावा लागतो. एकाला जो आधार, तोच दुसऱ्याला जाच.

काही वेळा नकारही द्यावा लागतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. कोलांटीने मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो. मात्र नकार त्या कोलांटीला असावा, मुलाला नव्हे. आणि त्याचे कारण वैद्यकीय तपासणीत सापडावे, केवळ निदानाच्या नावात नव्हे. सिकंदराबादेत १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेच्या नावात आता ‘विकलांग’ऐवजी ‘सशक्तीकरण’ आहे. संस्थेचे नाव बदलता येते. समाजाची नजर बदलायला अधिक काळ लागतो.

हैदराबादेत सराव केलेल्या दीप्ती जीवनजीने २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, बौद्धिक अक्षमतेच्या गटात, ४०० मीटर धावण्याचे कांस्यपदक मिळवले. घड्याळाने तिची कीव केली नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र गुण माणसे देतात. म्हणून तेथे कीव शिरायला वाव असतो. जो गुडघा सरळ होऊच शकत नाही, त्याला चूक म्हणणे हे क्रौर्य. जो होऊ शकतो, त्याला ‘असू दे, छान आहे’ म्हणणे हा अवमान. दुसऱ्या वाक्यात प्रेम दिसते खरे, पण त्या मुलाकडून काहीच अपेक्षा उरलेली नसते.

हा भेद ओळखण्याचा नियम कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. तो त्या एका मुलाकडे दीर्घकाळ पाहूनच कळतो, आणि त्यालाही विचारावे लागते. ज्याला बोलता येत नाही, तोही कधी प्रशिक्षकाचा हात स्वतःच बाजूला सारतो. खाली गादी नीट अंथरलेली असेल, तर त्या क्षणी त्याचे ऐकावे.