पारी, सारण आणि नाव

पारी कोणती आणि सारण कोणते, हा भेद स्वयंपाकघराबाहेर कोणी फारसा मनावर घेत नाही. परंतु पारी काढून टाकल्यावरही पदार्थ तोच राहतो काय, असे कोणी विचारले की प्रश्न निराळ्याच प्रांतात जातो. तेथे वस्तूच्या स्वरूपाचा विचार करावा लागतो आणि शब्दाच्या सचोटीचाही. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावीही आता पुष्कळ घरांत ओव्हन आले आहेत, आणि त्यांच्या मागोमाग 'कीश' नावाचा फ्रेंच पदार्थ काही घरांच्या पानांत पडू लागला आहे. कोणी तो पारीसह करतात, कोणी पारीवाचून. नाव मात्र दोघेही एकच घेतात. हे कितपत योग्य, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

कीश हा मूळचा फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांताचा. त्याचे नाव जर्मन भाषेतील 'कूखेन' म्हणजे केक ह्या शब्दाशी जोडले जाते. आरंभी त्याची पारी पावाच्या कणकेची असे. लोण्याची खुसखुशीत पारी मागाहून आली, आणि जुन्या लोरेनी रीतीत चीजही नव्हते. आजची रीत अशी : मैद्याच्या निम्मे थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळावयाचे, गार पाण्याने गोळा करून लाटावयाचा, ती पारी ताटलीत बसवून आधी नुसतीच भाजावयाची आणि मग तीत अंडी, दूध व साय ह्यांचे मिश्रण ओतावयाचे. त्यात परतलेला लासलगावचा कांदा किंवा घट्ट पिळलेला पालक घालता येतो. अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात व दुधास धरून ठेवतात. पारी नको असल्यास भांड्यास लोणी लावून त्यातच मिश्रण ओततात, आणि बांधणीसाठी चमचा-दोन चमचे पीठ घालतात.

मूळ द्रव्य न मिळाल्यास काय करावे, ह्या प्रश्नाचा आपल्याकडील मीमांसकांनी फार बारकाईने विचार केला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचे प्रकरण आहे. यज्ञास भात न मिळाल्यास नीवार, म्हणजे रानभात, चालतो. द्रव्यास प्रतिनिधी असतो. परंतु देवतेस, अग्नीस आणि मंत्रास प्रतिनिधी नाही. ह्या कसोटीने पाहता कीशाची पारी हे द्रव्य ठरते. ओले मिश्रण धरून ठेवणे हे तिचे काम भांडेही करू शकते. तिचा खुसखुशीतपणा जातो हे खरे, पण पदार्थ उरतो. अंडे मात्र येथे देवतेच्या ठिकाणी आहे. ते गेले की दूध गोठविणारे कोणी उरत नाही, आणि त्याच्या जागी आलेले बेसन दुसराच पदार्थ घडविते.

त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे, तो आम्हास फार मोलाचा वाटतो. प्रतिनिधीही नष्ट झाला तर पुढचे द्रव्य मूळ द्रव्याशी सदृश असे शोधावे, प्रतिनिधीशी सदृश असे नव्हे. पारी सोडली, म्हणून चमचाभर पीठ आले. मग सायीऐवजी पाणीदार दूध आले. मग एक अंडे कमी होऊन पीठ वाढले. शेवटी अंडे जाऊन सगळे बेसनच उरले. प्रत्येक पायरी मागच्या पायरीसारखीच दिसते, आणि शेवटची पायरी पहिलीसारखी मुळीच नसते. संसारातील व सार्वजनिक जीवनातील पुष्कळ वचने अशाच पायऱ्यांनी खाली उतरतात. माप मुळाशी लावावयाचे सोडून कालच्याशी लावले, की मनुष्यास आपण कोठे पोचलो हे कळत नाही.

कोणी म्हणेल, नावे तर विस्तारतच असतात. 'तेल' हा शब्द तिळापासून निघाला, तरी शेंगदाण्याच्या तेलास आपण तेलच म्हणतो. हे बरोबर आहे. परंतु तेथे 'शेंगदाण्याचे' हा शब्द मागे उभा असतो, म्हणून कोणी फसत नाही. विशेषण जोडले की नावाचा विस्तार निर्दोष होतो. ते दडविले की त्याच विस्तारात लबाडी शिरते.

ह्याच्या उलट बाजूस एक हट्टही आहे, आणि तो अधिक कठोर आहे. बागलाण-मालेगावाकडे व खानदेशात खापरावर पुरणाचे मांडे करतात. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा हातांवर झेलीत झेलीत पातळ वाढवावयाचा आणि पालथ्या, तापलेल्या खापरावर टाकावयाचा. ह्यात कसब आहे तितकाच जाळही सोसावा लागतो. मांडे मांड्यांसारखेच हवेत, असा आग्रह धरणारा बहुधा पाटावर बसलेला असतो, चुलीपुढे नव्हे. कीशाची गोष्ट वेगळी नाही. निफाडच्या थंडीत लोणी आपोआप घट्ट राहते. वैशाखात ते बोटांतच वितळते, आणि करणारीस नोकरीवरूनही यावयाचे असते. तिने पारी सोडली तर तिला उणे लेखण्याचा अधिकार आयते खाणाऱ्यास नाही. आमच्या मते काय वगळावे हे श्रम करणाऱ्याने ठरवावे. मात्र काय वगळले आणि काय घातले, हे जाणण्याचा हक्क खाणाऱ्याचा आहे.

हा दुसरा हक्क लहान नाही. आपल्या अनेक घरांत एकाच पंक्तीस अंडे खाणारे नातू आणि जन्मभर अंडे न शिवलेल्या आजी बसतात. विदेशी नावाआड अंडे लपते, कारण त्या नावाने आजींस काहीच कळत नाही. "भाजीचा केक आहे, घ्या ना," असे म्हणून त्यांच्या पानात कीश वाढणे हा विनोद नव्हे. त्यांचा नियम आपणास पटो वा न पटो, तो मोडावयाचा तर त्यांनीच मोडावा. न कळत मोडविलेल्या नियमात सुधारणा होत नाही, विश्वास मात्र जातो. आणि उद्या त्याच घरातील साध्या भाजीकडेही त्या संशयाने पाहू लागतात.

मग आजींसाठी काय करावे? बेसनाच्या वडीस कीश म्हणून मिरविण्याचे कारण नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत बेसन, कणीक, गूळ व नारळाचे दूध शिजवून, भाजून 'निनाव' करतात. त्यास पारी नाही, अंडे नाही, आणि परक्या नावाची उसनवारीही नाही. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, कानाला तो बिननावाचा पदार्थ वाटतो, तरीही पानात काय पडले आहे हे खाणाऱ्यास ठाऊक असते. एका ताटलीत पारीविना कीश आणि दुसरीत निनाव ठेवावे, दोहोंची नावे स्पष्ट सांगावीत आणि ज्याने त्याने आपली निवड करावी. एवढे सांगण्यास जो अर्धा क्षण लागतो, तो वाचविण्याइतकी घाई कोणत्याही स्वयंपाकघरात नसते.