गव्हाण आणि पारव्यांची जोडी

शास्त्रपाठ: लूक 2:1–24



नाताळाचा सण पुन्हां दाराशीं आला आहे. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील आमच्या खेड्यांत सोयाबीन केव्हांच बाजारांत गेलें. कपाशीची वेचणी चालू आहे, तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, आणि हरभरा फुलावर आहे. पहांटेच्या थंडींत शेकोटीभोवतीं बसलेल्या माणसांचें बोलणें फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतें: भाव काय मिळाला, आणि देणें किती राहिलें. अशा दिवसांत देवदूतांची वार्ता आमच्या कानीं पडत आहे. म्हणून तारा, मागी लोक व त्यांचें सोनें यांविषयीं या वेळीं न लिहितां, लूकाच्या दुसऱ्या अध्यायांतील प्रभूच्या गरिबीच्या तीन खुणा तुमच्यापुढें ठेवाव्या असें आम्हीं योजिलें आहे.

पहिली खूण, प्रभूच्या गांवाचें नांव. रोमी बादशाहा कैसर औगुस्त यानें नांवनिशी लिहिण्याचा हुकूम काढिला. तो हुकूम कोणाच्या कल्याणासाठीं नव्हता. कर वसूल करावयास माणसांची मोजदाद हवी होती. त्या हुकुमामुळें नासरेथ गांवचा एक सुतार आपल्या गरोदर वाग्दत्त वधूस घेऊन निघाला. नासरेथापासून बेथलेहेमापर्यंतची वाट डोंगराळ असून सुमारें 150 किलोमीटर आहे. बादशाहास योसेफाचें नांव ठाऊक नव्हतें, आणि मरीयेचे दिवस भरत आले आहेत हें त्यास कळण्याचें कारणहि नव्हतें. पण मीखा संदेष्ट्यानें पुष्कळ वर्षें आधीं सांगितलेलें वचन देवानें त्याच हुकुमाच्या हातून पुरें करविलें (मीखा 5:2).

आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर घरास कुलूप लावून ऊसतोडीस, वीटभट्टीवर, किंवा पुण्यामुंबईकडे मजुरीस जातात. त्यांत लेंकुरवाळ्या असतात, दिवस गेलेल्याहि असतात. नाताळाच्या उपासनेंत त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात, आणि आम्ही सहज म्हणतों, “ते यंदा सणास नाहींत.” बंधूंनो, पहिला नाताळ झाला तो अशाच लोकांत झाला. मरीया व योसेफ त्या रात्रीं आपल्या घरीं नव्हतीं. जें कुटुंब आज परक्या शिवारांत पाचटाच्या खोपींत निजलें आहे, तें नाताळास मुकलें असें समजूं नये. त्याचा प्रभु त्याच वाटेनें चालून आला आहे.

आणि नासरेथ तें केवढें! नासरेथांतून कांहीं उत्तम निघेल काय, अशी नथनेलास शंका आली (योहान 1:46). जुन्या कराराच्या कोणत्याहि पुस्तकांत त्या गांवाचें नांव आढळत नाहीं. तरी प्रभूनें तें नांव कधीं टाकिलें नाहीं. त्याच्या वधस्तंभावरील लेखांतहि तें होतें. या जिल्ह्यांत ज्या मंडळीनें पुष्कळ वर्षें सेवा केली, तिनें तर “चर्च ऑफ द नाझरीन”, म्हणजे नासरेथकराची मंडळी, असें नांव धारण केलें आहे. तेव्हां आपलें खेडें लहान आहे, आपली वस्ती गांवाच्या कडेला आहे, आपल्या पूर्वजांस कोणी मान देत नव्हतें, म्हणून कोणीं मान खालीं घालूं नये. ज्याचें गांव लोक हंसण्यावारीं नेत असत, त्याचेच आपण झालों आहों.

दुसरी खूण, गव्हाण. उतारशाळेंत त्यांस जागा मिळाली नाहीं म्हणून बाळास गव्हाणींत निजवावें लागलें, असें लूक सांगतो. ही गोष्ट ऐकतांच निष्ठुर धर्मशाळेवाला आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि मुलांच्या नाटकांत तर तो काठी घेऊनच येतो. पण शुभवर्तमानांत असा कोणी मनुष्य नाहीं. मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द येथें आहे, तोच लूकानें पुढें प्रभुभोजनाच्या वेळीं पाहुण्यांच्या खोलीविषयीं लिहिला आहे (लूक 22:11). त्या काळीं त्या देशांतील गरिबांच्या घरांत रात्रीं जनावरें आंतच बांधीत, आणि घरच्या मनुष्यांची निजावयाची जागा थोडी उंचावर असे. यावरून पुष्कळ विद्वानांचें मत असें आहे कीं, बेथलेहेमांत कोणीं त्यांस हांकून दिलें नाहीं. पाहुण्यांची जागा आधीं आलेल्यांनीं भरली होती, म्हणून हीं दोघें जनावरांच्या बाजूस राहिलीं.

हें खरें असेल तर तो धडा आम्हांस अधिकच लागतो. निष्ठुर माणसाचें पाप आम्ही आपलें म्हणत नाहीं. आम्ही काय काठी घेऊन दारांत उभे आहों? पण जो आधीं येऊन बसला तो सरकला नाहीं, एवढ्यानेंच जगाच्या तारणाऱ्यास गव्हाणींत निजावें लागलें. मंडळींतहि असेंच घडतें. कोणी कोणास बाहेर घालवीत नाहीं. फक्त कोणी सरकत नाहीं. पुढल्या सतरंजीवर तींच घराणीं बसतात, पंचांत तींच नांवें असतात, भजनाचा टाळ त्याच हातांत असतो. नवीन विश्वासी दारापाशीं चपलांजवळ बसतो. विधवा बाई भिंतीशीं बसते. ज्या मुलीस नवऱ्यानें टाकिलें ती उपासना संपण्याआधींच उठून जाते, कारण संपल्यावर बायकांच्या प्रश्नांस काय उत्तर द्यावें हें तिला कळत नाहीं. पंच बंधूंनो, या नाताळास आपण थोडें सरकावें. यापरतें मोठें अर्पण आम्हांस सुचत नाहीं.

गव्हाणीविषयीं आणखी एक. चित्रांत बाळाजवळ बैल व गाढव असतात; लूकाच्या वृत्तांतांत मात्र ते नाहींत. ते आले यशयाच्या पहिल्या अध्यायांतून, जेथें संदेष्टा दुःखानें म्हणतो कीं, बैलास आपला धनी व गाढवास आपली गव्हाण कळते, पण देवाच्या लोकांस तेवढीहि ओळख राहिली नाहीं (यशया 1:3). इ. स. 1223 सालीं इटली देशांतील ग्रेच्यो गांवीं फ्रान्सिस नांवाच्या साधूनें नाताळाच्या रात्रीं खरी गव्हाण, खरें गवत, खरा बैल व खरें गाढव आणवून खेडुतांसमोर सुवार्ता सांगितली. त्यानें तें थाटासाठीं केलें नाहीं. देव किती खालीं उतरला हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहावें म्हणून केलें. आमच्या लोकांस गव्हाण चित्रांत पाहावी लागत नाहीं. उद्यां पहांटे बैलांस कडबा टाकितांना क्षणभर थांबा, आणि त्या लांकडास हात लावून म्हणा: माझा देव येथवर आला.

ज्यांस जागा नाहीं त्यांस जागा करून देणें, हीच पुढें ख्रिस्ती मंडळीची चाल झाली. वाशीम गांवांतच तिची साक्ष उभी आहे. अमेरिकेहून आलेल्या डॉक्टर ऑर्फा स्पायकर यांनीं 1938 सालीं येथें रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालयाचा आरंभ केला. ज्या काळीं खेड्यांतील बाळंतीण अडली तर सुईणीशिवाय दुसरा आधार नसे, त्या काळीं त्या खाटा मांडल्या गेल्या. गव्हाणींत जन्मलेल्या प्रभूच्या नांवानें बाळंतिणीस खाट मिळावी, याहून उचित नाताळ कोणता?

तिसरी खूण फार थोड्यांच्या ध्यानांत येते, आणि आज आम्हांस मुख्यत्वें तिजविषयींच सांगावयाचें आहे. मुलाच्या जन्मानंतर 40 दिवस भरले तेव्हां मरीया व योसेफ यरुशलेमच्या मंदिरांत गेलीं. अशा वेळीं एक वर्षाचें कोंकरूं अर्पावें असा मोशेच्या नियमशास्त्राचा विधि होता. परंतु त्याच ठिकाणीं देवानें पुढें लिहविलें कीं, ज्या स्त्रीची कोंकरूं आणण्याची ऐपत नसेल तिनें दोन होले किंवा पारव्यांचीं दोन पिलें आणावीं, तेवढ्यानें तिचें प्रायश्चित्त पुरें होईल (लेवीय 12:8). मरीयेनें कोणतें अर्पण नेलें? लूक पारव्यांचें नांव घेतो. कोंकराचें घेत नाहीं (लूक 2:24). तीं गरीब होतीं असें तो स्पष्ट शब्दांत म्हणत नाहीं. अर्पण पाहून आपण ओळखावें.

आतां विचार करा. तें मूल कोणाचें होतें हें मरीयेस गब्रिएलानें सांगितलें होतें. दाविदाचें सिंहासन ज्याचें, त्याच्यासाठीं एक कोंकरूं नको काय? यरुशलेमांत सावकार नव्हते असें नाहीं. “लोक काय म्हणतील, पहिलाच मुलगा आहे, एवढें तरी करूं,” असें म्हणून योसेफानें कर्ज काढिलें असतें, तर आमच्या गांवांत त्यास कोणी दोष दिला नसता. पण त्यानें देवाच्या नियमांत गरिबासाठीं जी वाट ठेविली होती ती धरिली, आणि सर्व लोकांदेखत पारव्यांची जोडी हातांत घेऊन तो उभा राहिला. देवानें तें अर्पण कमी मानिलें नाहीं. त्याच दिवशीं शिमोनानें बाळास हातांवर घेऊन देवाचें स्तवन केलें, आणि हन्ना संदेष्ट्रीहि तेथें आली.

बंधुभगिनींनो, आमच्या खेड्यांत नाताळ कसा होतो? मुलांस नवे कपडे पाहिजेत, मंडप पाहिजे, कर्णा पाहिजे, पाहुण्यांस जेवण पाहिजे. यांत कांहीं वाईट नाहीं. पण हें पुष्कळांच्या घरीं उसनवारीनें होतें. शेताची स्थिति तुम्हांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. 2024–25 च्या हंगामासाठीं सरकारनें सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 4,892 रुपये ठरविला; तरी बाजारांत माल नेणाऱ्या कित्येकांस त्याहून कमी पैसे घेऊन परतावें लागलें. 2006 सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या 6 जिल्ह्यांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत आपला वाशीम जिल्हा होता. त्यानंतरहि तें दुःख थांबलें नाहीं. ज्या घरावर बँकेचें, कृषिकेंद्राचें व सावकाराचें असें तिहेरी ओझें आहे, त्या घरावर येशूच्या वाढदिवसाचें चौथें ओझें आम्हीं घालावें काय? आणि पदरीं पैसा नाहीं म्हणून जो बाप मुलांस घेऊन नाताळाच्या उपासनेसच येत नाहीं, त्यास मंदिरापासून दूर कोणीं ठेविलें? देवानें नव्हे. देवानें तर पारव्यांची सोय आधींच करून ठेविली होती.

म्हणून उपदेशक व पंच बंधूंस आमची प्रेमाची विनंति अशी. नाताळाची वर्गणी वाचून दाखवितांना नांवें वाचावीं, रकमा वाचूं नयेत. दानपेटीपुढें बसून विधवेच्या दोन टोल्या पाहण्याचा अधिकार एका प्रभूचा आहे (मार्क 12:41–44). ज्याच्याकडे रोकड नाहीं त्याची पायलीभर तूर, किंवा मंडप घालण्याची एक दिवसाची मेहनत, अर्पण म्हणून उघडपणें स्वीकारावी. उपदेशकाच्या मुलांनीं या वर्षीं धुतलेले जुने कपडे घालून पुढें बसावें. मग दुसऱ्यांच्या मुलांस लाज वाटणार नाहीं. आणि ज्याचें मन कर्जानें खचलें आहे, जो बोलेनासा झाला आहे, जेवेनासा झाला आहे, त्याच्या घरीं सणाआधीं जावें. त्यास उपदेश करूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्याचें ऐकावें, त्यास एकटें सोडूं नये, आणि गरज दिसल्यास त्यास हातीं धरून दवाखान्यांत न्यावें. प्रार्थनेबरोबर औषध घेणें हा अविश्वास नव्हे. बंधो, तूं स्वतःच तसा खचलेला असून हें वाचीत असशील, तर तुझ्यासाठीं आमचें एवढेंच सांगणें: आज रात्रीं कोणा एकापाशीं तरी आपलें मन मोकळें कर. तुझें देणें तुझ्या जिवाएवढें मोठें नाहीं. तुझ्यासाठीं ख्रिस्तानें मोल भरलें, तें सातबारा पाहून भरलें नाहीं.

कोणी म्हणेल, “मग आम्ही आनंद करूंच नये काय?” अवश्य करावा! नहेम्यानें लोकांस रडणें थांबवून गोडधोड खावयास सांगितलें, आणि त्याबरोबर ज्यांच्या घरीं कांहीं शिजलें नव्हतें त्यांस वांटा पाठवावयास सांगितलें (नहेम्या 8:10). तोच आमचा नाताळाचा नियम असो. भजन रात्रभर चालूं द्या; टाळमृदंगास वर्गणी लागत नाहीं. हुरडा भाजा, करंज्या तळा, आणि पहिला वांटा घराबाहेर जाऊं द्या. ज्या शेजाऱ्यांनीं दिवाळीचा फराळ व ईदेचा शीरखुर्मा आपल्या घरीं पाठविला, त्यांच्याहि घरीं तो जावो. वाद घालून जें कळत नाहीं, तें कधीं कधीं ताटावर झांकलेल्या रुमालाखालून पोंचतें.

शेवटीं मेंढपाळांकडे पाहा. ते रात्रीं रानांत जागत होते, जसे तुमच्यापैकीं कित्येक जण रानडुकरें व रोही यांपासून पीक राखण्यासाठीं माळ्यावर जागतात. देवाचें तेज राजवाड्यावर न पडतां त्यांच्याभोवतीं पडलें. त्यांनीं जाऊन बाळास पाहिलें, आणि मग ते परत गेले (लूक 2:20). कोठें परत गेले? त्याच रानांत, त्याच मेंढरांकडे, त्याच थंडींत. त्यांची मजुरी वाढली असें लिहिलें नाहीं. पण ते देवाचा गौरव करीत परत गेले. आपलेंहि तसेंच होवो. 26 डिसेंबरास कपाशी वेचावयास जाल तेव्हां शेत तेंच असेल. पण तेथें तुमच्याबरोबर इम्मानुएल असेल.

या जिल्ह्यांतील सर्व मंडळ्यांस, दूरदेशीं कामास गेलेल्या भावाबहिणींस, रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांस, म्हाताऱ्यांस व लेंकरांस आमचा नाताळाचा सलाम. जो धनवान असतां तुमच्याकरितां दरिद्री झाला, त्या प्रभु येशू ख्रिस्ताची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.