निकालाआधीचं मागणं

गणराया,

हात जोडून उभी आहे, पण नेमकं काय मागावं ते अजून ठरत नाही. सासूबाईंचं सोपं आहे. नातीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळू दे, एकवीस उकडीचे मोदक वाहीन, असा नवस बोलून त्या मोकळ्या झाल्या. मी मात्र आकडे वाचून बसले आहे. 2024 साली तिथे 28 हजारांवर अर्ज आले आणि तेराशेच्या आत होकार गेले. त्यातही परदेशातली मुलं शे-दीडशे, अख्ख्या जगातून मिळून. ‘हुशार आहे हो तुमची, मिळणारच’ असं शेजारच्या काकू म्हणतात तेव्हा मी चहा पुढे करते. तिथे अर्ज करणारं प्रत्येक पोर कुठल्या ना कुठल्या शाळेत पहिलंच आलेलं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

निकाल 14 मार्चला, म्हणजे 3.14, गणितातल्या पायचा दिवस. वेळ तिथली संध्याकाळी 6:28, पायची दुप्पट. अशी गंमत करणारी माणसं मनाने वाईट नसावीत. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे 3:58 होतील. निर्णय मात्र त्याच्या आधीच होऊन गेलेला असणार, म्हणजे माझी प्रार्थना उशिराचीच. पण तुला काळाचं बंधन नाही म्हणतात, म्हणून होऊन गेलेल्यासाठीही मागते. तिचा अर्ज ज्यांच्या हाती पडला, ते त्या दिवशी थकलेले नसोत. आणि त्यातलं एक पत्र त्यांनी सावकाश वाचलेलं असो.

तिथे दोन शिक्षकांची शिफारस लागते, एक गणित-विज्ञानाचे आणि दुसरे भाषेचे किंवा समाजशास्त्रांचे. दुसरं पत्र तिच्या मराठीच्या बाईंनी लिहिलं. आधी वहीच्या पानावर मराठीत, मग आपल्या मुलाला शेजारी बसवून इंग्रजीत. मानखुर्दला होमी भाभा केंद्रात तिने केलेल्या खगोलशास्त्र ऑलिंपियाडच्या शिबिराचं त्यात नावही नाही. गॅदरिंगच्या दिवशी नाटकातल्या मुख्य मुलीचा घसा बसला, तेव्हा हिने विंगेतून सगळे संवाद म्हटले आणि शेवटी नमस्कार करायला पुढे आली नाही, एवढंच बाईंनी लिहिलंय. मला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिने कधी सांगितलंच नाही.

जेईई मला समजते. रँक असतो, कटऑफ असतो, उत्तरतालिका लागते, पटलं नाही तर प्रश्नामागे 200 रुपये भरून हरकत घेता येते. इथे नकाराचं कारण कुणी सांगत नाही. (तूही कुठे सांगतोस म्हणा.) म्हणून नकार आला, तर आपल्या निबंधातली वाक्यं उकरत तिला रात्री जागवू नकोस. मलाही नको. ‘मी म्हणत होते, दुसरा विषय घे’ हे वाक्य माझ्या तोंडून निघण्याआधी माझी जीभ धर. बारावीचे पेपर आताच झालेत आणि एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र आहे. तेवढं बळ तिच्यात राहू दे.

एका गोष्टीसाठी आभार मानते. तिथला वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर आहे. पण अर्ज वाचताना घरची ऐपत बघत नाहीत, परदेशी मुलांचीही नाही, आणि घेतलंच तर झेपेल तेवढंच मागतात. असं करणारी विद्यापीठं थोडीच आहेत. आमच्या पासबुकापायी पोरीची संधी गेली, असं निदान होणार नाही.

आता अडचण सांगते. त्याच शिबिरात भेटलेल्या लातूरच्या एका मुलानेही अर्ज केलाय. रात्री फोनवर दोघं गणितं सोडवतात, एकमेकांच्या चुका काढून खिदळतात. त्याची आईही कुठल्या तरी देवापुढे उभी असेलच. जागा मोजक्या, तेव्हा हिचं नाव घाल म्हणताना मी कुणाचं खोड म्हणतेय, हा विचार डोक्यातून जात नाही. यावर मला तोडगा सुचत नाही, गणराया. मी आपली दोघांसाठी मागते. शे-दीडशेत दोन नावं बसवणं तुला जड नाही.