मुदतवाढीवरचे आयुष्य

युद्ध, भूकंप किंवा वादळ यांमुळे मायदेशी परतणे धोक्याचे झालेल्या परदेशी व्यक्तींना काही काळ हद्दपार न करण्याची हमी देणारी तरतूद आज अनेक देशांच्या कायद्यांत आढळते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार मिळणाऱ्या आश्रयाहून ती वेगळी आहे. कारण आश्रय मागणाऱ्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल हे दाखवून द्यावे लागते, आणि भूकंप तर कोणाचे राजकीय मत विचारून येत नाही. तात्पुरते संरक्षण ही उणीव भरून काढते, आणि तेवढ्यापुरते ते उदारच म्हटले पाहिजे. मात्र त्याची मुदत माणूस ज्या देशातून आला तेथील परिस्थितीवरून ठरते आणि त्याने नव्या देशात काढलेली वर्षे कोणत्याच हिशेबात धरली जात नाहीत, ही या व्यवस्थेतली मूळ खोट आहे.

अमेरिकेने १९९० मध्ये ‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’, म्हणजे टीपीएस या नावाने ओळखला जाणारा तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा कायद्याने निर्माण केला, तेव्हा यादवीत होरपळणाऱ्या एल साल्वादोरचे नाव संसदेने त्या कायद्यातच घातले होते. पुढे १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरास आणि निकाराग्वा यांची, तर २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झालेल्या भूकंपांनंतर पुन्हा एल साल्वादोरची निवड झाली. हा दर्जा एका वेळी सहा ते अठरा महिन्यांसाठी दिला जातो आणि मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी सरकारने त्या देशातील परिस्थितीचा आढावा घ्यावा, अशी तरतूद आहे. एल साल्वादोरच्या बाबतीत असे आढावे होत होत २००१ ची नेमणूक सप्टेंबर २०२६ पर्यंत लांबवण्यात आली. दोन लाखांहून अधिक माणसांनी पाव शतक अठरा-अठरा महिन्यांच्या हप्त्यांनी काढले. त्यात त्यांनी घरांची कर्जे काढली, त्यांची अमेरिकेत जन्मलेली, म्हणून जन्मतः नागरिक असलेली मुले मतदार झाली. दर मुदतवाढीला पुन्हा नोंदणी, पुन्हा शुल्क आणि पुन्हा बोटांचे ठसे हे ठरलेलेच असते. नवे कार्ड वेळेत छापून होत नाही म्हणून जुनेच कार्ड ग्राह्य धरावे, असे सरकारी राजपत्रात जाहीर होते. परिणामी कामगाराच्या हातातील परवान्यावर उलटून गेलेली तारीख असते आणि ती अजून चालते हे मालकाला पटवण्यासाठी राजपत्राची छापील प्रत सोबत बाळगावी लागते. होंडुरास आणि निकाराग्वा यांचे संरक्षण जुलै २०२५ मध्ये, हे देश वादळाच्या हानीतून सावरले आहेत असे सांगून, संपवण्याची घोषणा झाली. देश सावरले असतीलही. पण या सव्वीस वर्षांत ज्यांचा संसार टेक्सासमध्ये किंवा फ्लोरिडात उभा राहिला, त्यांचा प्रश्न त्या आढाव्यात कोठेच बसत नव्हता.

या दर्जातून ग्रीन कार्डाकडे, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याकडे जाणारी स्वतःची अशी वाट नाही. विवाह, नोकरी किंवा सज्ञान नागरिक अपत्य यांच्या आधारे अर्ज करता येतो; तथापि अमेरिकेत राहूनच दर्जा बदलून घेणाऱ्याने देशात प्रवेश करताना अधिकाऱ्यासमोर तपासणी होऊन रीतसर प्रवेश घेतलेला असावा, ही सर्वसाधारण अट आड येते. सांचेझ विरुद्ध मायोर्कास या खटल्यात, परवानगीशिवाय देशात आलेल्या आणि पुढे टीपीएस मिळालेल्या माणसाची ही अट आपोआप पूर्ण होते काय, हा प्रश्न होता. संरक्षण मिळाल्याने वास्तव्य कायदेशीर ठरते, पण त्यामुळे रीतसर प्रवेश झाला असे ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये एकमताने दिला. कायद्याच्या अक्षरांनुसार तो बरोबर असेल; पण एकाच भूकंपानंतर एकाच दर्जाखाली वीस वर्षे शेजारी राहिलेल्या दोघांपैकी पर्यटक व्हिसावर विमानाने आलेला अर्ज करू शकतो आणि सीमा पायी ओलांडून आलेला करू शकत नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. एच-१बी व्हिसावर गेलेल्या मुलाच्या ग्रीन कार्डाची वाट पाहणे महाराष्ट्रातील अनेक घरांना परिचयाचे आहे, आणि भारतीयांची ती रांग फार लांबही आहे. परंतु तेथे निदान रांग आहे, मंजूर अर्जाची तारीख आहे आणि त्या तारखेच्या बळावर व्हिसा वाढत राहतो.

वाट नसणे हा विसरभोळेपणाही नाही. टीपीएसधारकांना कायम वास्तव्य देणारे विधेयक सिनेटने तीन पंचमांश सदस्यांच्या संमतीशिवाय विचारातच घेऊ नये, असे कलम १९९० च्या त्याच कायद्यात आहे. तरीही अपवाद झाले आहेत आणि त्यांची यादी बोलकी आहे. क्यूबाहून आलेल्यांसाठी १९६६ मध्येच स्वतंत्र कायदा झाला. १९९७ च्या कायद्याने निकाराग्वा आणि क्यूबा या डाव्या राजवटींतून आलेल्यांना ग्रीन कार्डाची थेट वाट दिली, तर अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या सरकारांच्या काळात एल साल्वादोर आणि ग्वातेमाला येथून पळालेल्यांना प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे सिद्ध करण्याची मुभा तेवढी मिळाली. लायबेरियन लोकांसाठीचा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात बसवून संमत करण्यात आला. अशा प्रकारे कायम वास्तव्य हक्क म्हणून नव्हे, तर कधी शीतयुद्धाच्या सोयीने आणि कधी संसदीय संधी साधून पदरात पडते.

सरकारांची बाजू अगदीच पोकळ नाही. लोक परत जातील असा भरवसा नसेल तर पुढच्या आपत्तीत दार उघडायला कोणते सरकार धजावेल, हा त्यांचा प्रश्न आहे. पण अनिश्चितता मुद्दाम राखल्याने लोक येणे थांबते, हा त्यापुढचा दावा मात्र अनुभवाला टिकत नाही. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, बोटीने आलेल्या आणि निर्वासित म्हणून मान्य झालेल्या लोकांना तीन वर्षांचा तात्पुरता व्हिसा देण्यास सुरुवात केली आणि त्यांना कुटुंब बोलावण्याचा हक्क नाकारला. ऑक्टोबर २००१ मध्ये इंडोनेशियाहून निघालेली एक बोट, जी पुढे सीव्ह-एक्स या सांकेतिक नावाने ओळखली गेली, बुडून ३५३ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि त्यांपैकी अनेकांचे पती व वडील आधीच ऑस्ट्रेलियात याच व्हिसावर राहत होते. हा व्हिसा २००८ मध्ये रद्द झाला, २०१४ मध्ये परत आणला गेला आणि २०२३ मध्ये सुमारे १९ हजार लोकांना कायम वास्तव्याची वाट देऊन प्रश्न मिटवावा लागला.

परतीचे गृहीतक किती कच्चे असते हे महाराष्ट्रानेही जवळून पाहिले आहे. सोव्हिएत हद्दपारीतून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांसाठी, ज्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती, १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणी उभारली गेली. ती युद्धापुरतीच होती याविषयी कोणालाच शंका नव्हती. युद्ध संपले, पण त्यांतील बहुतेकांची गावे ज्या पूर्व पोलंडमध्ये होती तो प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला होता आणि उरलेल्या पोलंडवर साम्यवादी राजवट येत होती. १९४८ मध्ये छावणी बंद होताना पुष्कळ जण मायदेशाऐवजी ब्रिटनकडे वळले, जेथे १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने लष्करातील पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना स्थायिक होण्याची सोय केली होती. आपत्ती संपणे आणि परतणे शक्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आढावा घेणारे सरकार बहुधा पहिलीच तपासते.

म्हणून मोजमाप बदलावे लागेल. ठरावीक वर्षे कायदेशीरपणे राहिलेल्या व्यक्तीला, मायदेशाची स्थिती काहीही असो, कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याचा हक्क मिळावा, हे तत्त्व अव्यवहार्य नाही. जर्मनीने केवळ हद्दपारी स्थगित असलेल्या लोकांसाठी २०२२ च्या अखेरीस त्याच्या जवळ जाणारा कायदा केला: पाच वर्षे राहिलेल्यांना अठरा महिन्यांचा परवाना, आणि त्या काळात भाषा, उपजीविका आणि ओळख यांच्या अटी पूर्ण केल्यास पुढचा मार्ग. पण तोही ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत पाच वर्षे पुरी केलेल्यांपुरताच होता, म्हणजे तत्त्व मान्य करून दार लगेच लोटून घेतल्यासारखे झाले.

या तत्त्वाची मोठी कसोटी आता युरोपात आहे. युरोपीय संघाने बाल्कन युद्धांच्या अनुभवावरून २००१ मध्ये केलेला तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असलेला नियम, मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या नागरिकांसाठी प्रथमच वापरात आला आणि त्याखाली चाळीस लाखांहून अधिक लोक आले. मुदतवाढीनंतर हे संरक्षण ४ मार्च २०२७ पर्यंत आहे, म्हणजे पाच वर्षे. संघाच्याच २००३ च्या निर्देशानुसार इतर परदेशी नागरिकांना पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर दीर्घकालीन रहिवासी होता येते. त्या निर्देशातून तात्पुरत्या संरक्षणाखालील व्यक्तींना स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे.