मठाकाश आणि मॅट्रिक्सचा तुकडा

गट, पोटहिस्सा, बांध, फार्महाउसचा प्लॉट. कर्जत-खालापुरात दोन माणसे चहाला बसली की जमिनीच्या तुकड्यांवर गाडी यायला वेळ लागत नाही. सातबाऱ्याच्या कागदाला मात्र तिथे कुणी तुकडा म्हणत नाही, तो ‘उतारा’. उतरवून घेतलेला. त्यावर पेनाने क्षेत्र वाढवले तरी दप्तरातला आकडा हलत नाही. त्यासाठी तलाठ्याला फेरफार धरावा लागतो आणि मंडळ अधिकाऱ्याला तो प्रमाणित करावा लागतो.

मॅट्रिक्सच्या तुकड्याबाबतही हाच प्रश्न: तो जमीन की उतारा? मॅट्रिक्स म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकड्यांचा तक्ता. मॅटलॅब या संगणकभाषेत अशा ‘अ’ तक्त्यासाठी अ(२:३, १:२) लिहिले की दुसरी-तिसरी ओळ आणि पहिले दोन रकाने मिळतात, अगदी उताऱ्यासारखे: त्यात कितीही खाडाखोड केली तरी मूळ अ शाबूत. पायथन भाषेच्या नमपाय या लायब्ररीत तोच तुकडा अ[१:३, ०:२] होतो, कारण तिथे मोजणी शून्यापासून, आणि शेवटचा आकडा वगळायचा. हा झाला लिहिण्याचा फरक. खरी गोम पुढे आहे: नमपाय प्रत देत नाही, ‘व्ह्यू’ देते. तुकड्यातला एक आकडा बदलला की मूळ तक्ताही बदललेला! (ओळींच्या क्रमांकांची यादी दिली तर मात्र तीच नमपाय प्रत काढून देते. नवशिके फसतात ते इथे.)

मग तुकडा म्हणून वेगळे काही असते का?

चाके, आस, जू यांपलीकडे रथ तो कुठे, असा राजा मिलिंदाला दाखला देणाऱ्या बौद्ध भिक्षू नागसेनाने विचारले असते, आधी तक्ता तरी कुठे आहे? संगणकाच्या मेमरीत आकड्यांची एकच लांब रांग असते. ओळी आणि रकाने ही ती वाचायची रीत. न्यायदर्शनाचे नैयायिक हे मानणार नाहीत. एक टोक धरून ओढले की अख्खी वस्तू सरकते, म्हणून अवयवांहून वेगळा अवयवी आहेच, हा त्यांचा जुना युक्तिवाद. तुकड्याला हात लावताच बदलणारा तक्ता त्यांना आयता पुरावा वाटेल.

वेदान्ताचे उत्तर समजायला पुन्हा कर्जतकडे वळून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याची कोंडाणे लेणी बघावीत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची ही बौद्ध लेणी. तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचे म्हटले आहे. केले म्हणजे काय? भर कसलीच घातली नाही, उलट दगड काढला. उरली ती भिक्षूंच्या विहाराची पोकळी. वेदान्ती तिला मठाकाश म्हणतील: घटातल्या घटाकाशासारखेच, भिंतींमुळे वेगळे भासणारे, पण मुळात तेच एक आकाश. बौद्धांच्या विहारात वेदान्त्यांचा दृष्टान्त इतका चपखल बसावा, ही गंमतच.

व्ह्यू म्हणजे मठाकाशच, असे म्हणायचा मोह होतो. पण एका जागी दृष्टान्त उलटतो. घट फुटला तरी आकाशाचे काही बिघडत नाही. इथे लाख ओळींचा तक्ता नको झाला, त्याचे नावही पुसले, तरी त्यातल्या दोन घरांचा व्ह्यू कुठे वापरात असेल तर सगळी मेमरी अडकून राहते. एवढ्याशा घटाने आकाश धरून ठेवलेले! प्रोग्रामर तेव्हा त्या दोन घरांची ‘कॉपी’ काढतो आणि व्ह्यू सोडून देतो. तलाठी कार्यालयाच्या भाषेत, उतारा घेतो.