नाक्यापलीकडची बाटली

फेस्त किंवा लग्न जवळ आले की आपल्या वाडीवाडीत एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: "गोव्यातसून कोण येता हा?" कशासाठी, ते कोणी सांगावे लागत नाही. पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच बाटलीच्या किमतीत मोठे अंतर असते. रोसाच्या जेवणाला दीडशे माणसे यायची असली की ते अंतर हजारांत जाते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले, त्यामुळे ते आणखी वाढले आहे.

मद्य घेणे पाप आहे का, हा आमचा आजचा प्रश्न नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्तसभा अतिरेकाला दोष देते, पेल्याला नाही. (सिनेमाने ख्रिस्ती माणसाच्या हाती कायमची बाटली दिली आणि आपल्यातल्या काहींनी ती भूमिका आनंदाने पत्करली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आमचा प्रश्न लहान आहे. कर चुकवून आणलेली बाटली टेबलावर ठेवताना आपल्या मनाला काही टोचायला हवे की नको?

टोचत नाही, हे खरे आहे, आणि त्याला कारणेही आहेत. आपल्या राज्याचा कायदा १९४९ सालचा. तो दारूबंदीचा कायदा आहे, म्हणून त्याप्रमाणे पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो. हा एक दिवसाचा परवाना दुकानातच काही रुपयांना मिळतो, आणि किती जण तो मागून घेतात ते आपण सारे जाणतो. कायद्याच्या नावात बंदी आणि तिजोरीत दारूचा महसूल, अशा कायद्याचा धाक मनाला कसा वाटावा? काजूचेच पाहा. आपल्या बागांत बोंडू झाडाखाली सडून जातात. त्याच बोंडवांची दारू घरी गाळली तर गुन्हा, आणि तेरेखोल नदीपलीकडे त्याच फेणीला २०१६ मध्ये गोवा सरकारने वारशाचा दर्जा दिला!

काही देशांत सरकार स्वतःच दुकान चालवते. स्वीडनमध्ये कडक मद्य, वाईन आणि नेहमीची बिअर सरकारी कंपनीच्या दुकानात घ्यावी लागते. ते दुकान शनिवारी दुपारी तीनला बंद होते आणि रविवारी उघडतच नाही. दोनावर एक फुकट असला प्रकार तिथे नाही, कारण खप वाढवणे हा त्या दुकानाचा हेतूच नाही. आपल्या देशात तामिळनाडूने २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती घेतली, पण तिथे महसुलाचे वजन फार मोठे आहे. नॉर्वेतही सरकारी दुकानेच आहेत आणि दारू महाग आहे. म्हणून तिथली माणसे सीमा ओलांडून स्वीडनमध्ये खरेदीला जातात, म्हणजे त्यांचीही एक पत्रादेवी आहे. फरक इतकाच की ठरलेल्या मापापर्यंत आणायला त्यांना मोकळीक आहे आणि त्याहून जास्त असेल तर नाक्यावर सांगून कर भरायचा असतो. आपल्याकडे गोव्यात घेतलेली बाटली महाराष्ट्र शासनाच्या परवान्याविना आणणे हाच गुन्हा. हा नियम नॉर्वेसारखा सुटसुटीत व्हावा असे आम्हाला वाटते. पण तो होईपर्यंत काय?

या प्रश्नावर ख्रिस्तसभेतल्या जुन्या नीतिपंडितांनी फार विचार केला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनमध्ये सुआरेझ (१५४८-१६१७) व इतर धर्मपंडितांनी असे मांडले की काही कायदे केवळ दंडापुरते असू शकतात. असा कायदा मोडणाऱ्याच्या माथी पाप लागत नाही. मात्र पकडला गेला तर त्याने दंड निमूटपणे भरला पाहिजे. पुढे जकात आणि चोरटी आयात ही याची नेहमीची उदाहरणे झाली. आपले आजी-आजोबा जे सहज म्हणत, की नाका चुकवणे म्हणजे चोरी नव्हे, त्याच्याशी हे अगदी जुळते!

अलीकडे ख्रिस्तसभेचा सूर बदलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये न्याय्य कर लबाडीने चुकवणाऱ्यांना स्पष्ट दोष दिला, आणि आजची धर्मशिकवण कर भरणे हे नैतिक कर्तव्य मानते. दारूवरचा कर न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. आम्हाला तो न्याय्य वाटतो, कारण दारूने मोडलेले शरीर आणि मोडलेले घर शेवटी सरकारी इस्पितळाच्या दारात येते.

पण वादासाठी जुन्या पंडितांचेच म्हणणे धरू. त्यांच्या सवलतीला एक अट होती: जो कायदा मोडतो त्यानेच दंड सोसायचा. आपल्याकडे तसे घडते का? इन्सुलीच्या नाक्यावर गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी वर्तमानपत्रात वरचेवर येते. त्यात नाव असते ते चालकाचे, बहुधा पंचविशीच्या आतल्या पोराचे. वाहन जप्त होते आणि गुन्हा त्याच्या नावावर नोंदला जातो. ज्या घराने माल मागवला त्या घराचे नाव बातमीत नसते, आणि पुढच्या रविवारी ते घर मिस्साला आपल्या बाकावर बसलेले असते. दोनशे-पाचशे रुपयांसाठी गेलेला तो मुलगाही कधीकधी त्याच मिस्साला असतो. काही जण म्हणतील की त्याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. खरे आहे. पण नोकरी नसलेल्या मुलासमोर नोटा धरणे म्हणजे काय, हे न कळण्याइतके आपण भोळे नाही.

स्वतःच्या पिशवीत स्वतःची एक बाटली घालून स्वतः नाक्यावर उभा राहणारा माणूस आम्हाला यापेक्षा पुष्कळ सरळ वाटतो. चूक त्याचीही आहेच, पण तो जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत ही जोखीम दंडापुरती राहत नाही. इथला कितीतरी तरुण बारावीनंतर जहाजाची किंवा आखाताची स्वप्ने बघतो. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. पासपोर्ट नाही तर जहाज नाही. एका रात्रीच्या फेरीत वाचलेले पाच-सात हजार लग्नघरच्या खिशात राहतात, आणि तो मुलगा मात्र तारखांना कोर्टाच्या पायऱ्या चढत राहतो.

लग्नाचा हिशेब मांडताना मंडप, बॅण्ड, केक या सगळ्याला खर्चाचा आकडा असतो. दारूच्या ओळीत इथल्याच दुकानाच्या बिलाचा आकडा लिहायचे ठरले तर पाहुण्यांच्या वाट्याला कदाचित दोन पेले कमी येतील. मात्र रात्रीच्या वेळी आरोंद्याच्या रस्त्याने कोणाचा मुलगा पाठवायचा, हे कोणाला ठरवावे लागणार नाही.